खेळणं कंपनीनं परत बोलावलंय का, हे कळणार कुठून?

प्रश्न : मी वडगावात राहते. मुलगा पावणेदोन वर्षांचा, जाऊबाईंची मुलगी सहा वर्षांची. खेळणी दोघांत मिळून. काही माझ्या नणंदेनं अमेरिकेहून पाठवलेली, काही वाढदिवसाला आलेली, काही मंगाईच्या यात्रेत घेतलेली. परवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, की एका कंपनीनं लहान मुलांची खेळणी धोकादायक म्हणून परत मागवलीत, घरात असतील तर ताबडतोब फेकून द्या. फोटोतलं खेळणं आमच्याकडच्यासारखंच दिसतं, पण खोकी कधीच रद्दीत गेली. हे तपासायचं कुठं? वाईट निघालं तर कामाला येणाऱ्या मावशींना द्यावं का? सासूबाई म्हणतात, "पोरं काय आजच खेळूलाल्यात काय?" नवरा म्हणतो, "दुकानात विकूलाल्यात म्हणजे सरकारनं बघितलेलंच असणार की." आणि नणंदेला कसं सांगू? तिला वाईट वाटेल. मेसेज ग्रुपवर पुढं पाठवू का, तेही सांगा. सोबत चार खेळण्यांचे फोटो पाठवते.
(एक आई, वडगाव, बेळगाव)

उत्तर : ताई, तुमच्या तिसऱ्या फोटोपासून सुरुवात करते. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

यात्रेतला तो दिवे लागणारा भोवरा. खालच्या बाजूला सेलचं झाकण आहे, त्याला स्क्रू नाही, आणि कुणीतरी त्यावर सेलोटेप चिकटवलीय. टेपचं एक टोक सुटलेलंही दिसतं. आधी उठा आणि तो भोवरा कपाटावर ठेवा. आत गोल चपटे सेल असतात, बटणासारखे. पावणेदोन वर्षांचं मूल टेप नखानं सोलतं, सेल तोंडात घालतं, आणि आपल्याला कळतही नाही. असा सेल अन्ननलिकेत अडकला की लाळेमुळे वीज वाहायला लागते आणि तिथली त्वचा भाजते. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. रिमोटमध्ये असतो तो २० मिलिमीटरचा लिथियम सेल सगळ्यात वाईट, कारण लहान मुलाच्या नळीत तो नेमका अडकतो. घड्याळ बंद पडलं म्हणून काढून खिडकीत ठेवलेला 'संपलेला' सेलसुद्धा एवढं करायला पुरेसा असतो.

गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, केळं किंवा भात खायला घालून 'ढकलू' नका. थेट सिव्हिल हॉस्पिटलला नाहीतर केएलई हॉस्पिटलला न्या, आणि दारातच सांगा की सेल असू शकेल, एक्स-रे काढा. लाळ गळणं, खोकला, जेवायला नको म्हणणं ही लक्षणं साध्या सर्दीसारखी दिसतात, म्हणून हे आपणहून सांगावं लागतं. तुम्ही वडगावात आहात, दवाखाना जवळ. पण हे सदर कणकुंबी-जांबोटीकडेही वाचलं जातं, तिथून शहर गाठायला वेळ लागतो. तिथल्यांसाठी एवढं : मूल एक वर्षाच्या वर असेल, नीट गिळत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देत नेता येतं, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यानं जखम थोडी रोखली जाते. मध शोधायला मात्र थांबायचं नाही, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाहीच.

आता यजमानांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नाही, अर्धं बरोबर आहे. आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला तो १ जानेवारी २०२१ पासून. केंद्र सरकारनं २०२० मध्ये खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश काढला, १४ वर्षांखालच्या मुलांची सगळी खेळणी त्यात येतात. त्याच्या आदल्याच वर्षी क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियानं बाहेरून येणारी खेळणी तपासली, तेव्हा सुमारे ६७ टक्के नापास झाली होती. म्हणजे जाऊबाईंच्या मुलीची २०२१ च्या आधीची जी खेळणी तुमच्या मुलाकडे आली असतील, ती दुकानात राजरोस विकली गेली म्हणून तपासलेली होती असं नाही. आणि सक्तीनंतरही जानेवारी २०२३ मध्ये विमानतळांवरच्या आणि मॉलमधल्या मोठ्या दुकानांतून मार्क नसलेली हजारो खेळणी जप्त झाली. खडेबाजारातल्या हातगाडीवर काय परिस्थिती असेल, हे यजमानांनाच विचारा.

मार्क कसा बघायचा? नुसतं 'आयएसआय' छापलेलं पुरत नाही, ते कुणीही छापतं. चिन्हाच्या वर आयएस ९८७३ असा मानकाचा नंबर हवा. सेलवर किंवा विजेवर चालणारं असेल तर आयएस १५६४४. चिन्हाच्या खाली सीएम/एल आणि पुढं आकडे, तो कारखान्याचा परवाना. मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲप घ्या (बीआयएस म्हणजे हा मार्क देणारी सरकारी संस्था), त्यात परवाना पडताळायची जागा आहे, तिथं ते आकडे टाका. कारखान्याचं नाव, पत्ता, परवाना कशासाठी दिलाय, चालू आहे की संपलाय, सगळं येतं. नाव जुळलं आणि परवाना खेळण्यांचाच निघाला तर ठीक. मी सांगितलं म्हणून नव्हे, एकदा करून बघा. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं, आणि दुकानदार तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागतो हा वरचा फायदा.

पण तुमचा खरा प्रश्न परत बोलावलेल्या मालाचा आहे. इथं एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, म्हणजे पुढची निम्मी धावपळ वाचेल. जिला नाव, पत्ता आणि नंबर आहे तीच वस्तू परत बोलावता येते. मोटारसायकलमध्ये दोष निघाला तर कंपनीचं पत्र घरी येतं, कारण आरसी बुकावर तुमचं नाव असतं. खेळण्याला आरसी बुक नसतं. त्यामुळं कंपनी जाहीर करते आणि गप्प बसते, शोधायचं तुम्हाला. आणि ज्या खेळण्यावर कंपनीच नाही, ते परत कोण बोलावणार? तुमच्या भोवऱ्याबद्दल कुठं नोटीस निघेल अशी आशा धरू नका. 'यादीत सापडलं नाही' याचा अर्थ 'चांगलं आहे' असा कधीच घेऊ नका.

म्हणून आज रात्री मुलं झोपल्यावर सगळी खेळणी चटईवर ओता आणि दोन ढीग करा : नाव-नंबर असलेली आणि नसलेली.

पहिला ढीग बहुतेक नणंदबाईंचाच निघेल. खोकं गेलं म्हणून अडत नाही. २००८ च्या अमेरिकन कायद्यानुसार तिथं विकल्या जाणाऱ्या मुलांच्या वस्तूंवर, म्हणजे खोक्यावरच नव्हे तर शक्य तिथं वस्तूवरसुद्धा, कायमची खूण लागते : कुणी बनवली, कुठं, कधी, कुठल्या खेपेत. ऑगस्ट २००९ नंतर बनलेल्या मालावर ती असते. गाडी उलटी करून पोटाखाली बघा, सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बघा, मऊ बाहुलीच्या शिवणीतली पट्टी बघा. अक्षरं इतकी बारीक असतात, की फोटो काढून मोठा करूनच वाचावी लागतात. तो फोटो ठेवून द्या.

मग शोधायचं. अमेरिकेत सीपीएससी नावाची सरकारी संस्था आहे, ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी. तिच्या संकेतस्थळावर परत बोलावलेल्या मालाची यादी आहे. कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर इंग्रजीत टाकला की येतं. युरोपचं 'सेफ्टी गेट' आहे, दर आठवड्याला नवी नोंद आणि सोबत फोटो, त्यामुळं नाव न कळणारी चिनी वस्तू चेहऱ्यावरून ओळखायला ते बरं. अनेक देशांच्या नोंदी एकाच ठिकाणी बघायच्या तर ओईसीडी या संघटनेचं 'ग्लोबल रिकॉल्स' आहे, २०१२ पासून. सगळं फुकट. कुठं पैसे किंवा ओटीपी मागितला तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात.

नुसत्या नावावर भरवसा ठेवू नका. २००७ मध्ये मुलांचे रंगीत मणी परत बोलावले गेले, पाणी शिंपडलं की एकमेकांना चिकटणारे. अमेरिकेत त्यांचं नाव 'ॲक्वा डॉट्स', ऑस्ट्रेलियात तेच मणी 'बिंदीज'. मण्यांवरच्या लेपात असं रसायन होतं, की मुलानं ते गिळले तर पोटात त्याचं गुंगीचं औषध व्हायचं. मुलं बेशुद्ध पडली. एकट्या अमेरिकेत सुमारे ४२ लाख नग मागे घेतले. एकाच नावानं शोधणाऱ्या आईला दुसऱ्या देशातली नोटीस दिसलीच नसती. म्हणून नाव, मग मॉडेल नंबर, मग नुसतं वर्णन, असं तिन्ही बाजूंनी शोधा. उलट बाजूही आहे. नोटीस पुष्कळदा एकाच खेपेची असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बनलेली, लाल रंगाचीच. फोटोतलं खेळणं तुमच्यासारखं 'दिसतं' एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही.

आणि सापडलंच तर लगेच फेकू नका. नोटिशीत धोका काय, आणि बदल्यात काय मिळणार तेही लिहिलेलं असतं : पैसे परत, दुसरा भाग, किंवा दुरुस्ती. बऱ्याच कंपन्या म्हणतात, खेळणं मोडा, त्यावर तसं लिहा आणि फोटो पाठवा. हे पैसे बहुधा तिथं घेतलेल्यालाच मिळतात, म्हणजे नणंदबाईंना.

दुसरा ढीग, बिननावाचा. यात तुमचे डोळे आणि हात हीच कचेरी. तीन वर्षांखालच्या मुलासाठी कारखान्यात एक नळकांडं वापरतात, तोंड ३१.७ मिलिमीटरचं, त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. घरी जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी असेल तर ती जवळपास त्याच मापाची असते. नसेल तर पट्टी घ्या आणि सव्वातीन सेंटिमीटरच्या आतलं सगळं धाकट्यापासून लांब ठेवा. चेंडू असेल तर साडेचार सेंटिमीटरपर्यंतचा. नुसतं मोजून भागत नाही. बाहुलीचा डोळा चिमटीत धरून जोरात ओढा, गाडीचं चाक पिरगाळा, खुळखुळा जमिनीवर आपटा. तुमच्या हातानं निघालं तर त्याच्या दातानंही निघेल. सहा वर्षांच्या मुलीच्या लोहचुंबकाच्या खेळण्यांकडे वेगळं बघा : एक चुंबक गिळलं तर कदाचित निभावतं, पण दोन गिळली तर ती आतड्याच्या दोन वळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भागाला भोक पडतं. अशी खेळणी घरात पावणेदोन वर्षांचं मूल असेपर्यंत नकोतच.

रंगाचं मात्र घरी कळत नाही. शिशाला वास नाही, चव असलीच तर गोड, आणि चकचकीत पिवळा-लाल रंग पाहून काही सांगता येत नाही. पापुद्रे निघतायत का एवढंच बघा, निघत असतील तर चघळणाऱ्या मुलाला ते देऊ नका. तुमच्या चौथ्या फोटोतला पांगुळगाडा मला आवडला, आजोबांच्या वेळचा दिसतो. पण त्यावर मारलेला हिरवा ऑइलपेंट कधीचा? नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत नव्वद भाग) जास्त चालत नाही आणि डब्यावर तसं छापावं लागतं. त्याआधीचा डबा असेल तर धूळ न उडवता, पोरं घरात नसताना, ओल्या पॉलिशपेपरनं घासून काढा. जमत नसेल तर गाडा काही दिवस माळ्यावर. बसवून फिरवायच्या प्लास्टिकच्या वॉकरपेक्षा मूल उभं राहून ढकलतं तो पांगुळगाडा कधीही बरा. तसल्या वॉकरवर कॅनडानं २००४ मध्ये बंदीच घातली, मुलं त्यासकट जिन्यावरून कोसळायची म्हणून.

एक गैरसमज होईल तो आत्ताच काढते. गोकाकची लाकडी फळं किंवा सावंतवाडीची खेळणी यांवर आयएसआय नसेल तर ती बेकायदा ठरत नाहीत. हस्तकला विभागाकडे नोंदलेल्या कारागिरांना या सक्तीतून सूट आहे, भौगोलिक मानांकन मिळालेल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांसारख्या कामालाही. पण गोकाकचं ते रंगवलेलं आंबा-केळं गौरीपुढं मांडायला आहे, दात येणाऱ्या बाळानं चावायला नाही. कारागिराला विचारा, रंग कुठला? गोकाक काही लांब नाही, करदंट आणायला जाताच ना.

कामाच्या मावशींना द्यायचं का? नाही. तुमच्या मुलाला नको ते त्यांच्या नातवाला कसं चालेल? अंगणवाडीला नाही, गावाकडं नाही, भंगारवाल्याच्या गाडीवर अख्खं नाही. अमेरिकेत तर परत बोलावलेली वस्तू पुन्हा विकणं हा गुन्हा आहे. सेल काढून दोन्ही बाजूंनी टेप लावून ई-कचऱ्यात, बाकीचं मोडून कचऱ्यात. कुणी उचलून घरी नेणार नाही असं मोडा. मावशींना काही द्यायचंच असेल तर नवीन द्या.

तक्रार करायची तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. आपल्या भागात लोक तक्रारीलाच बिचकतात, कारण कचेरीतलं पत्र कन्नडमधून येणार, उत्तर कोण लिहिणार. ही हेल्पलाइन १७ भाषांत चालते, मराठी त्यात आहे आणि कन्नडही. मार्क नसलेलं खेळणं विकणाऱ्याची तक्रार बीआयएस केअरवरूनही जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल परत घ्यायला लावण्याचा आणि पैसे परत द्यायला लावण्याचा अधिकार दिलाय, पण त्यांच्यापर्यंत आधी कुणीतरी पोचवायला हवं. बिल ठेवा. यात्रेतल्या पालवाल्याकडं बिल नसतं, तिथं तक्रारीपेक्षा पुढच्या आषाढात त्याच्याकडून सेलचं काही न घेणं सोपं. भिरभिरं घ्या, कागदाचं. ते मोठीला, आणि टाचणी बघून.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी पोरं वाढवली ती खोटी नाहीत. पण त्यांच्या वेळच्या भातुकलीत लिथियमचा सेल नव्हता. तो भोवऱ्यातला सेल तळहातावर ठेवून दाखवा आणि घशात अडकला तर काय होतं ते सांगा. आजीला नातवाची काळजी आईपेक्षा कमी नसते. बघाच, उद्यापासून शेजारणींना त्याच सांगत सुटतील.

नणंदबाईंना 'तू पाठवलेलं धोक्याचं निघालं' असं लिहू नका. नंबरचा फोटो पाठवा आणि लिहा : "वन्सं, बाळाची ती गाडी त्याला फार आवडते. तिकडं एका कंपनीनं काही खेळणी परत मागवलीत म्हणतात. आपली त्यातली आहे का, तेवढं बघाल? असली तर पैसे तुमच्याच खात्यावर येतील." त्यांना वाईट वाटायचं कारणच उरत नाही, आणि इंग्रजी नोटीस वाचायचं काम तिकडं जातं. शिवाय पुढचं पार्सल भरताना त्या आपणहून तपासतील.

राहिला ग्रुपवरचा मेसेज. तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट मी दोनदा वाचला : कंपनीचं नाव अर्धवट, मॉडेल नंबर नाही, तारीख नाही, कुठल्या देशातली नोटीस ते नाही. अशा मेसेजनं वीस घरांतली चांगली खेळणी कचऱ्यात जातात आणि टेप लावलेले भोवरे तिथंच राहतात. मूळ नोटीस सापडली तर तिची लिंक टाका, नंबर आणि खेपेच्या तारखांसकट. नाही सापडली तर पुढं पाठवू नका; ज्यांनी टाकला त्यांनाच ग्रुपवर विचारा, "ताई, मॉडेल नंबर कुठला?" कुणीतरी रागावेल. रागावू दे.